नववीचं गणित अडलं की आणखी एक क्लास?

मंडळी, थोडं लांबलचक लिहिणार आहे. ज्यांच्या घरात नववीतलं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

पहिल्या सत्राचे पेपर मुलांच्या हातात पडले की आमच्यासारख्या गणिताच्या मास्तरांचे फोन वाजायला लागतात. दरवर्षीचंच आहे. बोलणंही ठरलेलं असतं. "सर, आठवीपर्यंत अ-१ श्रेणी होती हो त्याची. आता बीजगणितात चाळीसपैकी चौदा. फाउंडेशनलाही टाकलाय, तिथं तर त्याहून वाईट. अजून कुठला क्लास लावू?"

यातलं शेवटचं वाक्य मला टोचतं. लेकरू काय चुकलं, कुठं अडलं, हे कुणी विचारत नाही. थेट क्लासचं नाव विचारतात. लातूरचा दोष म्हणा की गुण म्हणा, इथं शिक्षणाच्या प्रत्येक दुखण्यावर क्लास हेच औषध आहे, आणि पहिल्यानं गुण आला नाही तर दुसरं, पण तेही तसलंच.

आधी त्या लेकराचा दिवस बघा. सकाळी शाळा. दुपारी ट्युशन एरियात फाउंडेशन. संध्याकाळी शाळेच्या अभ्यासाची वेगळी शिकवणी. गणित दिवसातून तीन वेळा भेटतं आणि तिन्ही ठिकाणी धडा वेगळा. शाळेत करणी चालू, फाउंडेशनला अकरावीतलं लॉगरिथम, शिकवणीत समांतर रेषा. तीन मास्तर तीन फळ्यांवर भराभर लिहितात, लेकरू तीन वह्यांत भराभर उतरवतं. वह्या भरलेल्या दिसतात म्हणून घरचे खुश. पण त्या वह्यांतलं एक गणित कोऱ्या कागदावर, न बघता करून दाखव म्हणा. तिसऱ्या ओळीला पेन थांबतं.

कुठं थांबतं, ते बघणं हीच खरी मदत आहे. आणि ते बघायला गणितात एमएस्सी लागत नाही.

माझ्या अनुभवात नववीतल्या दहापैकी आठ लेकरांचं नववीचं गणित कच्चं नसतं. कच्चं असतं पाचवी, सहावी, सातवीचं. बहुपदीचं उदाहरण चुकलं म्हणून आपण म्हणतो बहुपदी येत नाही. पेपर नीट बघितला तर पायऱ्या बरोबर असतात, पण वजाचा कंस सोडवताना आतलं चिन्ह बदललेलं नसतं. रेषीय समीकरण चुकलेलं असतं, कारण एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश केलेली असते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झालं. या चुकेवर नववीच्या शंभर गणितांचा सराव हा उपाय नाही. तीच चूक शंभर वेळा पक्की होते.

मग ही कच्ची बाजू आठवीपर्यंत दिसली का नाही? एक तर आठवीपर्यंत नापास करायचं नाही, असं शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून ठरलेलं होतं. पुढं २०१९ ला दुरुस्ती झाली, आपल्या राज्यानंही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, पण सवय काही लगेच मोडत नाही. मी त्या धोरणाच्या विरोधात नाही. दहा वर्षांच्या लेकरावर नापासाचा शिक्का मारून कुणाचं भलं होत नाही. पण नापास करायचं नाही याचा अर्थ आम्ही शाळांनी 'काय येत नाही ते सांगायचंच नाही' असा करून टाकला. श्रेणी अ-१ आणि अपूर्णांक शून्य, अशी प्रगतिपत्रकं घरोघरी गेली.

दुसरं कारण कुणी फारसं बोलत नाही. राज्य मंडळाचं नववीचं गणित भाग-१ चं पुस्तक उघडा. पहिलं प्रकरण संच. संचात काय आहे? यादी करा, छेद काढा, संयोग काढा, वेन आकृती काढा. मागचं फारसं काही लागत नाही. लेकरू खुश, पहिल्या घटक चाचणीत गुण चांगले, आई-बाप निर्धास्त. मग येतात वास्तव संख्या, त्यात करणी. त्याच्यामागं बहुपदी. आणि तिथं एकदम सहावीचे अपूर्णांक, सातवीची ऋण संख्या, आठवीची विस्तार सूत्रं आणि अवयव सगळे एकाच दारातून आत येतात. जुलैत हुशार वाटलेलं पोरगं दिवाळीपर्यंत 'ढ' होत नसतं हो. त्याच्याकडं मागची थकबाकी होती, वसुली आत्ता आली.

हे फक्त आपल्या गावचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये देशभर परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी आणि नववीचं. गणितात तिसरीची सरासरी ६० टक्के, सहावीची ४६, नववीची ३७. प्रत्येक इयत्तेची प्रश्नपत्रिका वेगळी, त्यामुळं हे आकडे एकाला एक लावून बघू नयेत हे मान्य. तरी उतार कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच. त्याआधी असरच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं. ४३.३ टक्के मुलांना जमलं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं भागाकाराशी अडलेली, आणि आपण त्यांना बहुपदीचा शेष सिद्धांत शिकवतोय.

आता घरी काय करायचं ते सांगतो. दिवाळीची सुट्टी आहे. एक दिवस सकाळी, चहाच्या वेळेला, लेकराला शेजारी बसवा आणि एका कोऱ्या कागदावर ही गणितं द्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश. ०.२ गुणिले ०.३. सात वजा, कंसात तीन वजा पाच. वजा तीनचा वर्ग, एकदा कंसासह आणि एकदा कंसाशिवाय. २४० रुपये ३:५ या गुणोत्तरात वाटा. ८० चे १५ टक्के. नऊ अधिक सोळा, या बेरजेचं वर्गमूळ. कंसात क्ष अधिक तीन, त्याचा वर्ग. आणि शेवटचं, क्ष छेद तीन अधिक क्ष छेद दोन बरोबर दहा, तर क्ष किती.

वेळ लावू नका. घड्याळ समोर ठेवू नका. मोबाईल मात्र दोघांचाही दुसऱ्या खोलीत. चूक झाली की लगेच "अरे एवढं येत नाही?" म्हणायचं नाही, हे सगळ्यात अवघड, पण तेवढं सांभाळा. फक्त विचारा, "हे कसं केलंस, मला सांग." तुम्हाला स्वतःला गणित येत नसेल तर अजूनच चांगलं, कारण मग लेकराला खरोखर समजावून सांगावं लागतं. ते बोलताना अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करा. त्या दहा गणितांतल्या चार-पाच खुणा म्हणजे तुमच्या लेकराचा खरा अभ्यासक्रम. बाकीचा तूर्त बाजूला ठेवा.

खुणा सापडल्या की रोज वीस मिनिटं. दोन तास नकोत, कुणालाच झेपत नाहीत आणि चौथ्या दिवशी बंद पडतात. पाचवी, सहावी, सातवीची बालभारतीची पुस्तकं काढा. रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लेकराला लाज वाटते, "सातवीचं पुस्तक काय करू मी?" म्हणतं. त्याला स्पष्ट सांगा, की घर बांधताना वरचा मजला वाकला तर गवंडी खाली बघतो. आणि हे महिन्याभराचं काम आहे. चौदा वर्षांच्या डोक्याला सातवीचं गणित दुसऱ्यांदा समजायला बारा वर्षांच्या डोक्याइतका वेळ लागत नाही. दोन वर्षं रखडलेले अपूर्णांक आठ दिवसांत जागेवर आलेले मी बघितलेत.

एक उदाहरण देतो. कंसात क्ष अधिक तीन, त्याचा वर्ग. निम्मा वर्ग लिहितो, क्ष वर्ग अधिक नऊ. मधलं सहा क्ष गायब. सूत्र दहा वेळा लिहून घेतलं तरी पेपरात पुन्हा गायब. त्याऐवजी क्ष च्या जागी एक घालून बघ म्हणा. कंसात चार, चारचा वर्ग सोळा. तुझ्या उत्तरात किती आले? दहा. सहा कुठं गेले? मग एक चौरस काढा, बाजू क्ष अधिक तीन. आत चार तुकडे पडतात. एक क्ष बाय क्ष, एक तीन बाय तीन, आणि दोन आयत क्ष बाय तीनचे. हे दोन आयत म्हणजेच ते सहा क्ष. ज्यानं हे तुकडे एकदा स्वतःच्या हातानं काढले, त्याच्या डोळ्यासमोर पुढच्या खेपेला ते दोन आयत उभे राहतात. शिवाय उत्तर तपासायची एक युक्ती हाताला लागते, अक्षराच्या जागी आकडा घालून बघायची. नववीत ही एक सवय लागली तरी पुढचं कितीतरी सोपं जातं. पण चाळीस मिनिटांत चाळीस गणितं संपवणाऱ्या बॅचमध्ये आयत काढायला वेळ कुणाला आहे?

गुणोत्तराचं तर आपल्याकडं शेतातच आहे. पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिली औषध, तर दोनशे लिटरच्या टाकीला किती? सोयाबीनवर फवारणी करणारा बाप हे तोंडी सांगतो, चारशे. त्याच बापाचं लेकरू पेपरात तेच गणित क्ष धरून अर्धं पान भरतं आणि उत्तर चार हजार काढतं. बापाला वाटतं आपल्याला गणित येत नाही. येतं की. तेवढं लेकरासमोर बोलून दाखवा.

सेमी इंग्रजीचाही एक वेगळा घोळ आहे. काही मुलांचं गणित पक्कं असतं, वाक्य समजत नाही. 'कोएफिशियंट' म्हणजे सहगुणक, 'फॅक्टर' म्हणजे अवयव, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शंका आली तर तेच उदाहरण मराठी पुस्तकातून वाचायला द्या. झटकन सुटलं, तर अडचण गणिताची नव्हतीच. मग दहा-बारा शब्दांची यादी भिंतीवर चिकटवा आणि मोकळे व्हा.

आता फाउंडेशनकडं येतो. इथं काही जणांना राग येईल, येऊ दे.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, असं लिहिलंय. नववीचं लेकरू चौदाचं. अंमलबजावणी राज्यांनी करायची, म्हणजे पुढं काय होतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच. आपल्या शहरात तर पाचवी-सहावीपासूनच्या फाउंडेशनचे फलक चौकाचौकात आहेत. नियम असूनही दुकान चालू असेल तर गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर आरशात आहे.

सगळ्या फाउंडेशन बॅच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ज्या लेकराला गणिताची गोडी आहे, शाळेचं गणित ज्याला पुरत नाही, त्याला तिथं अवघड उदाहरणांची मेजवानी मिळते. त्याला जाऊ द्या. पण ज्याला नववीचं झेपेना त्याला अकरावीचं गणित आत्ताच द्यायचं, म्हणजे चालताना धाप लागणाऱ्याला पळायला लावायचं. तो तिथं गणित शिकत नाही. 'मी यातला नाही' एवढंच शिकतो, आणि ते मात्र जन्मभर लक्षात ठेवतो.

अजून एक गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेकांना लेकराला डॉक्टर करायचंय, म्हणजे नीट. नीटमध्ये गणिताचा पेपरच नाही! भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, एकूण ७२० गुण. गणित लागतं, पण ते भौतिक-रसायनची उदाहरणं सोडवण्यापुरतं. गुणोत्तर, घातांक, समीकरण फिरवणं, आलेख वाचणं, थोडी त्रिकोणमिती. यातलं बहुतेक सगळं नववी-दहावीच्या शाळेच्या पुस्तकात आहे. म्हणजे जो पाया पक्का करायचा सोडून लेकराला अवघड गणिताच्या बॅचला पाठवलं, तोच पाया त्याला पुढं लागणार आहे. इंजिनिअरिंगचं वेगळं, तिथं गणित तिसरा हिस्सा आहे. पण तिथंही अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीतच शिकता येतो, त्यासाठीच ती दोन वर्षं आहेत.

म्हणून मध्येच फाउंडेशन सोडायची वेळ आली तर सोडा. फी भरली म्हणून लेकराला रेटू नका. फी गेली ती गेली. ते परत मिळवायचं म्हणून लेकराचं अजून एक वर्ष कशाला घालवायचं? सोडताना एवढंच बघा, की लेकराला 'तुला जमलं नाही' असं ऐकू जाऊ नये. "आत्ता हे महत्त्वाचं आहे, ते नंतर बघू," असं म्हणा. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

पोरींच्या बाबतीत अजून एक ऐकतो. मुलाचं गणित अडलं तर क्लास बदलतात, मुलीचं अडलं तर "आर्ट्सला टाकू, तिला कुठं..." म्हणतात. चौदा गुण दोघांचे सारखेच. अपूर्णांकाला पोरगा-पोरगी कळत नाही.

हे झालं घरचं. पण सगळं घरावर ढकलून कसं चालेल? ज्या घरात आई-बाप दोघंही ऊसतोडीला गेलेत, तिथं चहाच्या वेळेला कोण बसणार? ते काम शाळेचं आहे, आणि शाळा काय करतात तेही लिहितोच.

नववी हे माध्यमिक शाळेतलं सगळ्यात दुर्लक्षित वर्ष. अनुभवी मास्तर दहावीला, जादा तास दहावीला, सराव परीक्षा दहावीला. नववीचा अभ्यासक्रम घाईनं उरकायचा, कारण सुट्टीत दहावीचा सुरू करायचाय. आणि वर्षाच्या शेवटी एक चाळणी लागते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची लेकरं नववीतच अडवली जातात. नाहीतर पालकाला बोलावून हळूच सुचवलं जातं, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा की." बाहेरून बसण्याची सोय ज्यांचं शिक्षण सुटलंय त्यांच्यासाठी आहे. रोज वर्गात येणाऱ्या लेकराला बाहेर काढण्यासाठी नाही. मग जूनमध्ये चौकात फलक लागतो, निकाल १०० टक्के. नववीत किती होते आणि दहावीला किती बसले, हे त्या फलकावर कधीच नसतं. सगळ्याच शाळा असं करतात असं नाही. पण ज्या करतात त्यांचं गावात सगळ्यांना माहीत असतं.

मध्यंतरी २०२४ ला राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्तानं चर्चा झाली होती, की गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पुढं जाऊ द्यावं, मात्र त्यानं पुढं गणित-विज्ञान घेऊ नये. लेकराचं वर्ष वाया जाऊ नये हा हेतू समजतो. पण २० गुण मिळवणाऱ्याला काय येत नाही हे शोधायला महिना पुरतो, आणि तो महिना द्यायच्या ऐवजी आपण दार कुठं बंद करायचं याची चर्चा करतोय. पंधराव्या वर्षी.

शाळेनं करायचं काम फार मोठं नाही. जूनमध्ये नववीचा पहिला धडा सुरू करण्याआधी वर दिलेली असली दहा-पंधरा गणितं सगळ्या वर्गाला द्यावीत. गुण देऊ नयेत, फक्त कोण कशात अडतो याची यादी करावी. पहिले तीन आठवडे रोजची एक तासिका त्या यादीवर. संच नंतर शिकवला तर आभाळ कोसळत नाही. मास्तरांच्या जागा रिकाम्या आहेत, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं आहेत, एका वर्गात साठ-सत्तर लेकरं आहेत, हे मला कुणी सांगू नका, मी त्यातच आहे. तरीही तीन आठवडे निघतात. स्नेहसंमेलनाच्या तयारीला निघतातच की.

सुट्टी संपली की दुसऱ्या सत्राची पालकसभा होईल. तिथं "माझ्या लेकराला किती गुण?" एवढंच विचारून परत येऊ नका. तपासलेला पेपर मागा, त्यातल्या चुका गणिताच्या मास्तरांसोबत पाच मिनिटं बघा, आणि यातली कुठली चूक सातवीची आहे ते विचारा. चांगला मास्तर असेल तर त्याला आनंदच होईल, कारण हे विचारायला कुणी येत नाही. मग मुख्याध्यापकांना विचारा, की गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती यंदा दहावीत तुमच्याच शाळेत बसलीत. एकट्यानं विचारलं तर उडवून लावतील. दहा पालकांनी मिळून विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.